हललेला फोटो

पुणे, ११ मे

चि. सोनूस,


तुझी पीएचडीसाठी निवड झाल्याचं ताईनं, तुझ्या आईनं, फोन करून सांगितलं, तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकाचे होते, म्हणून तुझ्याशी धड बोलता आलं नाही. नंतर बोलू म्हटलं तर मनात इतकं साचलं की शेवटी कागद घेऊनच बसले.

मेंदूचे स्कॅन आणि स्मृतिभ्रंश हा विषय तू घेतलास. माझी तीस वर्षं याच विषयात गेली. कोणती पुस्तकं वाच, कोणतं सॉफ्टवेअर शीक, हे तुझे गाइड सांगतील आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला वेगळंच सांगायचं आहे. ते टाकून दिलेल्या स्कॅनबद्दल आहे.

माझ्याकडे एक जुनी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. संशोधनासाठी बोलावलेल्या पण अभ्यासातून वगळलेल्या माणसांच्या नोंदी तिच्यात आहेत. बहुतेकांच्या पुढे दोनच शब्द आहेत : 'हालचाल. वगळले.' अकराव्या नोंदीतल्या आजी जुन्नरकडच्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, नऊवारी नेसलेल्या, बरोबर मुलगा आणि सून. जोडवी निघेनात म्हणून सुनेनं बोटांना साबण लावून ती काढली. मंगळसूत्र मुलाच्या हातात द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. सुनेनं ते आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, ती गाठ आजींना दाखवली, तेव्हा कुठे त्या आडव्या झाल्या. कानात बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, 'अजिबात हलायचं नाही हं' असं तीनदा सांगितलं. 'न्हाई हलत,' म्हणाल्या.

एमआरआयचा आवाज तू ऐकला आहेस. ठकठक, मग घरघर, मग पुन्हा ठकठक. ठकठक सुरू झाली की आजी डोकं उचलायच्या. आम्ही थांबवायचो, माइकवरून सांगायचो, त्या 'बरं' म्हणायच्या, आणि ठकठक सुरू झाली की पुन्हा डोकं वर. चौथ्या वेळी आम्ही नाद सोडला. टेबल बाहेर ओढलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दार वाजतंय कवाधरनं, कुनी उघडंना का गं?"

मी वहीत दोन शब्द लिहिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. दार वाजलं की उठायचं, हे साठ वर्षं घर सांभाळलेल्या बाईच्या अंगात मुरलेलं होतं, ते जागच्या जागी होतं. मिनिटापूर्वी दिलेली सूचना मात्र टिकत नव्हती, आणि नेमकं तेच तपासायला आम्ही त्यांना जुन्नरहून आणलं होतं. जो आजार आम्हाला बघायचा होता तोच आमचा फोटो हलवत होता, म्हणून आम्ही त्यालाच खोलीबाहेर काढलं. मग जे शांत पडून राहू शकले त्यांचे आकडे घेतले, सरासरी काढली आणि 'स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये असं आढळतं' म्हणून लिहून मोकळे झालो.

आता हललेला स्कॅन ठेवून दे, असं मी म्हणत नाहीये. तो टाकावाच लागतो, आणि का टाकावा लागतो हे तू मुळापासून समजून घे. फंक्शनल एमआरआयमध्ये आपण चेतापेशींचं काम थेट पाहत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनजवळ ऑक्सिजन असला तर त्याचे चुंबकीय गुण एक, नसला तर दुसरे, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. तो फरक मेंदूच्या चित्रात पकडता येतो हे सेइजी ओगावांनी १९९० मध्ये सिद्ध केलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं, आणि त्याचा भर दिसायला पाच-सहा सेकंद लागतात. विचार केव्हाच होऊन गेलेला असतो, आपण त्याच्यामागून आलेलं रक्त मोजत असतो. हा फरक असतो एक-दोन टक्क्यांचा. अशा नाजूक मोजणीत डोकं मिलिमीटरच्या काही अंशाने सरकलं तरी आकडा बदलतो.

तो कसा बदलतो हे २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. डोकं थोडं हललं की मेंदूतल्या जवळजवळच्या भागांचे संबंध घट्ट झाल्यासारखे दिसतात आणि लांबच्या भागांचे संबंध सैल पडल्यासारखे. मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं निरोगी तरुणांपेक्षा जास्त हलतात. त्यामुळे 'आजारात मेंदूचे लांबचे धागे तुटतात' या निष्कर्षात आजार किती आणि हललेली मान किती, हे पुन्हा तपासायची वेळ आली. माझ्या स्वतःच्या दोन निबंधांतलं गणित मी तेव्हा परत मांडलं. एकातला निष्कर्ष टिकला, एकातला विरला. तसं त्या नियतकालिकाला कळवलं. त्या रात्री झोप लागली नाही, पण आजही वाटतं, नोकरीतलं माझं सर्वांत सरळ काम तेच होतं.

तेव्हा स्कॅन टाक, पण माणूस टाकू नकोस. वगळलेल्यांचं वय, शिक्षण, गाव, स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण, सगळं लिहून ठेव, आणि ठेवलेल्यांच्या शेजारी मांडून बघ. वगळलेले जास्त वयाचे, कमी शिकलेले, लांबून आलेले आणि जास्त आजारी निघाले, तर तुझा निष्कर्ष कोणाबद्दल आहे आणि कोणाबद्दल नाही, हे निबंधात ठळक लिही. परिशिष्टाच्या तळाशी नको.

आणि वगळावं लागूच नये म्हणून आधी कष्ट कर. कसे, तेही सांगते. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो सकाळची वेळ दे. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची बेचैनी दिवस कलला की वाढते. आत नेण्याआधी बाथरूमला नेऊन आण, हे इतकं साधं आहे की कुणाच्याच लक्षात येत नाही. मेंदूच्या रचनेचं चित्र आधी घे. ते पाच-सात मिनिटांत होतं, आणि नंतर माणूस कंटाळला तरी निदान तेवढं हाती राहतं. श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, मग माइकवरची तुझी सूचना त्यांना ऐकूच जात नाही. तेव्हा खुणा आधी ठरव. घरचं माणूस नीट तपासून आत घेता येत असेल तर त्याला पायाशी बसव आणि पावलावर हात ठेवायला सांग. लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा खोटा बोगदा करून त्यात आदल्या दिवशी सराव करवून घेतात, तशी सोय तिथे नसेल तर गाइडच्या मागे लागून करून घे.

माणसाचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवायची सवय मात्र आजपासून लाव. अलॉइस अल्झायमर यांची गोष्ट तुला ठाऊक आहेच, तरी एक बारकावा सांगते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं शब्दशः टिपून ठेवत. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाता आहात, असं विचारल्यावर ती म्हणाली, पालक. त्यांनी 'गोंधळलेली' असं न लिहिता समोरचं ताट आणि तिचं उत्तर, दोन्ही लिहिलं. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती गेली. अल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू तिकडे मागवून घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि जे दिसलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या परिषदेत मांडलं. तिथे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. रोगाला त्यांचं नाव मिळालं ते १९१० मध्ये, एमिल क्रेपलिनच्या पाठ्यपुस्तकातून. तिची फाइल नंतर हरवली आणि १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. शंभर वर्षांनी ती वाचताना आपल्याला आजार दिसतो आणि ऑगुस्टेही दिसते. माझ्या वहीतल्या 'हालचाल. वगळले.' मधून जुन्नरच्या आजी कुणाला दिसतील? 'दार वाजतंय' हे वाक्य मला आठवलं म्हणून राहिलं. बाकी अठ्ठावीस जण काय म्हणाले, ते गेलं.

प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणत्या जगातला विचारतेस, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. १९७५ मध्ये फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅक्यू यांनी केलेली तीस गुणांची चाचणी जगभर वापरली गेली. तिच्यात 'वर्ल्ड' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी सांगायची आहेत. ज्या बाईनं पाटीच धरली नाही तिला हा प्रश्न विचारून काय मिळणार? हरियाणात बल्लभगडला भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी नव्वदच्या दशकात काम केलं तेव्हा त्यांनी हिंदीत नवी चाचणी रचली. अक्षरांच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. आपल्याकडे मी पाहिलं आहे, 'आज तारीख काय?' म्हटलं की आजी गप्प. 'आज काय आहे?' म्हटलं की लगेच, "संकष्टी न्हाई का? चंद्र उगवंस्तोवर पानी बी न्हाई." एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला महिना सांगता आला नाही, पण मृग संपून आर्द्रा लागल्या आणि अजून पेरणी नाही, हे त्यानं न अडखळता सांगितलं. कागदावर दोघांचेही गुण गेले होते. काळाचं भान दोघांचंही शाबूत होतं. असे चुकीचे गुण तू स्कॅनशी जोडलेस, तर कितीही भारी गणित लाव, चूक तेवढीच नेमकी होऊन बाहेर येईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं बोधनक्षमतेच्या चाचण्यांचा जो संच तयार करवला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत झाला. हे काम कष्टाचं आहे आणि त्याला टाळ्या कमी पडतात. अशा कामात हात लावायची संधी आली तर सोडू नकोस.

तू बंगळुरूत असणार आहेस, तेव्हा कन्नड शीक. पहिल्या दिवसापासून. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यातल्या गावांमधल्या, पंचेचाळीस वर्षांवरच्या दहा हजार माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा मोठा उपक्रम तिथल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं हाती घेतला आहे. आजार होण्याआधीपासून माणसाबरोबर चालायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि शहरातल्या दवाखान्यात येणाऱ्यांपुरतं न थांबता गावात जायचं, हे त्याहून मोलाचं. त्या भागात घरात तेलुगू बोलणारेही पुष्कळ आहेत. दुभाष्याच्या तोंडून आलेलं उत्तर आणि थेट कानावर पडलेलं उत्तर, यांत किती फरक असतो ते तुला तिथे एका सकाळीत कळेल.

चित्र आणि माणूस यांचा मेळ दरवेळी बसत नाही, याची मनाची तयारी ठेव. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये ननचा अभ्यास सुरू केला. ६७८ जणींनी मरणोत्तर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यांतल्या एक जण एकशे एकाव्या वर्षी गेल्या तोवर स्मरणाच्या चाचण्यांत उत्तम होत्या, आणि मेंदू उघडून पाहिला तर अल्झायमरच्या गाठी आणि साके भरपूर. उलटही होतं, चित्र बरं असतं आणि माणूस हरवत चाललेला असतो. आपल्याकडे सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. हा दवाखान्यात आलेल्यांचा अभ्यास आहे, तेव्हा 'भाषा शिकलात तर आजार होणार नाही' असं त्यातून काढू नये. तरीही तो मला प्रिय आहे, कारण यात बाजारात तेलुगू, घरात दख्खनी असं सहज बोलणारी आपल्याकडची माणसं प्रथमच नीट मोजली गेली. पाश्चात्त्य अभ्यासांत दुसरी भाषा बहुधा शिक्षणाबरोबर किंवा स्थलांतराबरोबर येते, म्हणून तिथे हे धागे वेगळे करता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या संगणकावर रोज घडेल आणि म्हणूनच दिसेनाशी होईल. वेगवेगळ्या माणसांचे मेंदू एकमेकांशी ताडायचे, तर आधी ते एका साच्यात बसवावे लागतात. १९८८ चा तालेराख आणि तूर्नू यांचा प्रसिद्ध नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवरून काढलेला होता. नंतर माँट्रियलहून १५२ तरुण मेंदूंच्या सरासरीचा साचा आला आणि तो जगभर रुळला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून आपला नकाशा केला, तेव्हा आकाराच्या मापांत फरक दिसला. सत्तर वर्षांच्या कोलारच्या बाईचा, वयानं थोडा आक्रसलेला मेंदू तू तरुण कॅनडियन साच्यात ओढूनताणून बसवतेस, तेव्हा ती ओढाताणही मोजणीत उतरते. प्रत्येक स्कॅन बसवल्यानंतर डोळ्यांनी बघ. शंभर असतील तर शंभर बघ. मला लोक वेडी म्हणायचे. पण एकदा दहा स्कॅन डावे-उजवे उलटे बसलेले मला असेच सापडले होते.

आकड्यांबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी मेलेला सामन मासा मशिनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आकडेमोडीत पुरेशी दुरुस्ती न करता बघितलं तर माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. एका चित्रात लाखाच्या वर ठिपके असतात. एवढ्या वेळा नाणं फेकलं तर कुठेतरी दहा छापे सलग येणारच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच डेटा सत्तर गटांना दिला होता, तर निष्कर्षांत मोठी तफावत आली. आणि २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं की मेंदूचं चित्र आणि वागणूक यांचा सरसकट संबंध खात्रीनं सांगायचा तर हजारो माणसं लागतात, आणि आपल्या क्षेत्रातल्या अशा अभ्यासांत सर्रास पंचवीसेक असत. तू एकटी हजारो माणसं आणू शकणार नाहीस. म्हणून आपला डेटा इतरांत मिसळता येईल असा नीट ठेव. प्रश्न आणि गणिताची पद्धत स्कॅन बघण्याआधी लिहून, तारीख घालून ठेव. 'नेचर'मधलाच २००६ चा अल्झायमरवरचा एक गाजलेला निबंध, चित्रांत फेरफार झाल्यामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. मधल्या अठरा वर्षांत त्याच्या आधारावर किती तरुणांनी आपली उमेदीची वर्षं लावली असतील, याचा विचार आला की माझ्या पोटात तुटतं.

तू डॉक्टर नाहीस, तरी नातेवाईक तुलाच गाठतील. कॉरिडॉरमध्ये पिवळा लिफाफा घेऊन उभे राहतील. आपल्याकडे साठ वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तितकीच घरं. त्यांतल्या पुष्कळांकडे याला अजून 'म्हातारचळ' म्हणतात. हा शब्द मला खुपतो. त्यात आजाराचा दोष माणसाच्या स्वभावावर जातो, आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून तपासणीच होत नाही. तू त्यांना निदान सांगू नकोस, तो तुझा अधिकार नाही. पण डॉक्टरांकडे लवकर जा, हे सांगायचा अधिकार तुला आहे, कारण विसरण्यामागे दर वेळी अल्झायमर नसतो. बी-१२ कमी पडलेलं असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, खोल उदासी असते, किंवा महिन्यापूर्वी पडल्यानं डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असतं. बोगोटाचे डॉक्टर सालोमोन हाकीम यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेला एक प्रकार आहे. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतात, लघवीवरचा ताबा जातो आणि विसरायला होतं. नळी घालून ते पाणी वळवलं तर काही जण पुन्हा चालू लागतात. म्हणून संशोधनासाठी आलेला माणूस दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत आला, ते बघ, आणि वेगळं वाटलं तर तिथल्या डॉक्टरांना लगेच सांग.

नव्या औषधांबद्दलही विचारतील. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दीड वर्षात ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला हे खरं, आणि अठरा गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता, हेही खरं. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. दोन्ही अर्धी वाक्यं एका दमात सांग. पहिलं सांगून थांबलीस तर कुणी जमीन विकेल.

आता तुझ्या आजीबद्दल. तू लहान होतीस, म्हणून तुला हे कधी सांगितलं नाही.

आजीचा स्कॅन मीच काढवून घेतला होता. फिल्म उजेडावर धरली आणि स्मृती सांभाळणारे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बघितल्याबरोबर मला कळलं. निरोगी म्हातारपणात तो भाग वर्षाला साधारण दीड टक्क्यानं आक्रसतो, अल्झायमरमध्ये साडेचारच्या पुढे. हे मी वर्गात शिकवत होते. त्या दिवसापासून मी घरी आईशी बोलायची थांबले आणि तिला तपासायला लागले. जेवताना विचारायचे, "आई, सकाळी काय खाल्लं?" ती म्हणायची, "तुला ठाऊक नाही होय? तूच केलंस ना." हुशार होती, निसटायची. पण हळूहळू मी खोलीत आले की ती गप्प व्हायला लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. तुझ्या आईनं मला एके रात्री ओट्याशी उभं करून सांगितलं, "ती तुझी पेशंट नाहीये. तिला तुझी भीती वाटते."

त्या उन्हाळ्यात आम्ही कुरडया केल्या. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, निवळ टाकून शिजवायला ठेवला होता. आजीला तेव्हा माझं नाव रोज आठवायचं नाही. कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. मी चीक उतरवणार, एवढ्यात उठून आली, पळीतून थोडा बोटावर घेतला आणि म्हणाली, "अजून कच्चा आहे. झाकण ठेव." नंतर सोऱ्या हातात दिला तर एकसारखे वेढे पडत गेले, हात कुठे अडखळला नाही. ते बघताना मला हेन्री मोलेसन आठवले. १९५३ च्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेलेले, नवं काहीच लक्षात न राहणारे. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर तीन दिवसांत हात सुधारत गेला, आणि रोज त्यांना वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. हातांची स्मृती मेंदूत दुसऱ्या वाटेनं साठते, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहीत होते! आईच्या फिल्मवर मी फक्त गेलेलं मोजलं होतं. राहिलेलं किती आहे, ते गच्चीवर वाळत पडलं होतं.

म्हणून तुझ्या अभ्यासात राहिलेलं मोजणारीही एखादी चाचणी घाल. लुगड्याची घडी घालणं, वाती वळणं, ताकाची रवी धरणं, तिथल्या लोकांच्या हातात जे असेल ते. गाइड नाही म्हणाले तर पुन्हा विचार. आणि घरी कुणाची परीक्षा घेऊ नकोस, ताईची तर मुळीच नाही. ती परवा चष्मा शोधत होती आणि तो तिच्या डोक्यावर होता म्हणून तू फोनवर काळजी केलीस म्हणे. तिच्या तरुणपणापासून ती तेच करते.

निळी वही कुरिअरनं पाठवते आहे, कुरडयांच्या डब्यात वरती ठेवली आहे. नावं मी खोडली आहेत, बाकी तशीच आहे. मधली कोरी पानं तू वापर, वगळलेल्यांसाठीच. आणि पहिल्या दिवशी पहिल्या आजी टेबलावर आडव्या झाल्या, की बटण दाबण्याआधी त्यांच्या तोंडाशी वाक. कन्नड येत नसेल तोवर कुणाकडून तरी एवढं एक वाक्य पाठ करून घे : आता ठकठक होईल, ती मशिनची आहे, दारात कुणी आलेलं नाही, आणि आलं तर मी उघडते.

तुझी,
मावशी